ट्रेकचं पाकीट: तीस ग्रॅममध्ये काय काय बसतं?

मागच्या भागात आपण रेनकोट की पोंचो यावर बोललो आणि त्यावर तुमचे बरेच मेसेज आले. त्यातल्या तीन-चार जणांनी एकच गोष्ट विचारली होती: "ट्रेकला पाकीट कुठलं न्यायचं? हलकं काहीतरी सांग." आधी वाटलं, यावर काय अख्खा एपिसोड करायचा! पण विचार करत गेलो तसं लक्षात आलं की हा प्रश्न पाकिटापेक्षा पाकिटात काय ठेवायचं याचा आहे. म्हणून आज फक्त पाकीट.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे आधी मोजायचं आणि मग बोलायचं ही सवय आहे. स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला आणि माझं रोजचं चामड्याचं पाकीट त्यावर ठेवलं. भरलेलं पाकीट १७२ ग्रॅम. मग एकेक वस्तू बाहेर काढली. नुसतं पाकीट ८४ ग्रॅम. सात कार्डं, प्रत्येकी साधारण पाच ग्रॅम, म्हणजे ३५. दहा रुपयांची चार नाणी ३१ ग्रॅम. हो, दहाचं एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. जुन्या पावत्या, दोन फोटो, कुठल्यातरी दुकानाचं कार्ड मिळून १२. आणि नोटा दहा ग्रॅम. म्हणजे बघा, १७२ मधले खरे पैसे किती? नाणी धरूनसुद्धा ४१ ग्रॅम. बाकी सगळं ओझं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलून टाकू. पाकिटातले शंभर-दीडशे ग्रॅम वाचवून तुम्ही कळसूबाई लवकर चढणार नाही. एक लिटर पाणी म्हणजेच एक किलो. सॅकमधला जास्तीचा टी-शर्ट काढलात तरी तेवढं वजन वाचतं. मग एवढी उठाठेव कशाला? तर ट्रेकला पाकिटाचा त्रास वजनापेक्षा तीन गोष्टींमुळे होतो: ते जाड असतं, ते भिजतं आणि ते हरवतं. हलकं पाकीट निवडताना या तिन्हींचा विचार होतो, म्हणून ते उपयोगी. ग्रॅम वाचतात तो बोनस.

आधी जाडी. बँकेचं कुठलंही कार्ड घ्या, आधारचं पीव्हीसी कार्ड घ्या, लायसन्स घ्या, सगळ्यांचा आकार एकच: ८५.६० बाय ५३.९८ मिलिमीटर आणि जाडी ०.७६. हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, म्हणून जगातल्या कुठल्याही एटीएममध्ये कार्ड बसतं. सात कार्डं म्हणजे सव्वापाच मिलिमीटर झाले, त्यावर चामड्याचे थर आणि नाण्यांचा फुगवटा. हे सगळं मागच्या खिशात घालून तुम्ही हरिहरच्या पायऱ्यांवर बसत बसत उतरणार! टोचतं तर खरंच, पण खडकाला घासून खिशाची शिवणसुद्धा उसवते आणि पाकीट कधी गेलं ते कळत नाही.

म्हणून पहिला नियम: पाकीट कार्डाएवढंच हवं. त्याहून मोठं नको. तुम्ही म्हणाल, नोटा कशा बसणार? बसतात. पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब आणि ६६ रुंद असते. मधोमध एक घडी घातली तर ७५ बाय ६६ होते, ती कार्डाच्या मापात बसत नाही. पण लांबीला तीन घड्या केल्या, म्हणजे साडीची घडी करतो तशी, की ५० बाय ६६. कार्डामागे आरामात लपते. शंभर, पन्नास, वीस या नोटा लांबीला अजून लहान, त्यामुळे त्याही बसतात. दुकानात पाकीट बघायला गेलात की खिशातून एक पाचशेची नोट काढायची, तीन घड्या करायच्या आणि घालून बघायची. बसली तर पुढचं बोलायचं.

दुसरी गोष्ट, पाणी. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर पाऊस तुम्हाला बाहेरून भिजवतो आणि बाकी आठ महिने घाम आतून. चामडं दोन्ही पितं. भिजलं की जड होतं, वाळायला दोन-दोन दिवस लागतात आणि तसंच कपाटात टाकलं तर बुरशी धरते. घरी आजोबांचं चामड्याचं पाकीट असेल तर ते जपून ठेवा, लग्नाकार्याला वापरा. डोंगरावर नको.

नोटांचं काय? आपल्या नोटांचा कागद कापसापासून बनतो, त्यामुळे भिजून नोटेचा लगदा होत नाही. पण ओल्या नोटा एकमेकींना चिकटतात आणि घाईत ओढल्या की फाटतात. भिजल्याच तर ओढाताण न करता सावलीत एकेक सुटी पसरून ठेवायची. खरा धोका कागदावरच्या आधारला. पोस्टाने येतं त्या पत्रातून कापून घेतलेलं आधार एका पावसात संपतं. यूआयडीएआयच्या साइटवरून पीव्हीसी कार्ड मागवता येतं, फी थोडीशीच आहे. ट्रेकला तेच न्यायचं.

आता मटेरियल बघू. बाजारात साधारण पाच पर्याय आहेत.

पहिला, झिपलॉकची छोटी पिशवी. दोन-तीन ग्रॅम, किंमत जवळपास शून्य, पाणी आत येत नाही. तोटा एकच, तिचं तोंड काही महिन्यांत ढिलं पडतं. त्यावर उपाय म्हणजे दोन पिशव्या एकात एक घाला आणि वर्षातून एकदा बदला.

दुसरा, टायव्हेकचं पाकीट. टायव्हेक हा प्लॅस्टिकच्या अतिशय बारीक धाग्यांपासून दाबून केलेला कागदासारखा पदार्थ. घरं बांधताना भिंतीवर आवरण म्हणून, पीपीई किटमध्ये, पाकिटांच्या लिफाफ्यात वापरतात. हाताला कागद वाटतो, पण फाटता फाटत नाही. हलका असतो आणि स्वस्तही पडतो. मात्र शिवणीतून पाणी जाऊ शकतं, म्हणून पावसाळ्यात आत झिपलॉक हवीच.

तिसरा, डायनीमा कापडाचं पाकीट. आधी याला क्यूबेन फायबर म्हणायचे आणि ते मुळात शर्यतीच्या होड्यांच्या शिडांसाठी बनवलं होतं. वजनाच्या मानाने याची ताकद प्रचंड आहे. अल्ट्रालाइट ट्रेकिंगवाली मंडळी तंबूसुद्धा याचेच वापरतात. पण महाग असतं. पाकिटासाठी तेवढे पैसे घालायचे की त्याच पैशात चांगले मोजे घ्यायचे, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी मोजे घेईन.

चौथा, रिपस्टॉप नायलॉनची चेन असलेली छोटी पाऊच. दहा-पंधरा ग्रॅम. रिपस्टॉप म्हणजे कापडात ठरावीक अंतरावर जाड धागा विणलेला असतो, त्यामुळे एक भोक पडलं तरी ते पुढे फाटत जात नाही. चेन असल्यामुळे नाणी, चावी, दोन गोळ्या असं काहीही सुटं राहू शकतं. बहुतेकांसाठी हाच पर्याय सगळ्यात बरा.

पाचवा, धातूचा कार्ड होल्डर, क्लिपवाला. इन्स्टावर याच्या खूप जाहिराती दिसतात. दिसतो भारी, पण काट्यावर ठेवलात तर चामड्याच्या पाकिटाच्या आसपास जातो आणि नोटा बाहेर क्लिपला उघड्या राहतात. पावसात काय होईल सांगायला नको. आणि "आरएफआयडी ब्लॉकिंग" म्हणून जास्त पैसे मागतात, ते डोंगरावर काय कामाचं? कार्ड टॅप करून पिनशिवाय पाच हजारांपर्यंत पैसे जातात हे खरं आहे, पण त्यासाठी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन टॅपची सोय बंद करता येते. तेही फुकट.

सहावा पर्याय विकत मिळत नाही: दुधाची रिकामी पिशवी. स्वच्छ धुवायची, वाळवायची, कार्डाच्या मापाने कापून कडांना टेप लावायचा. हसू नका! आपल्याकडे पावसाळ्यात भाजीवाले, रिक्षावाले, शेतावर जाणारी माणसं पैसे असेच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात. त्याच्याही आधी आजीची कमरेला खोचलेली चंची होती, धोतराची कनवट होती. ते आपलं अल्ट्रालाइट पाकीटच की! शरीराला घट्ट, दिसत नाही, वाकलं तरी पडत नाही. परदेशी कंपन्या आज हेच "मिनिमलिस्ट" म्हणून विकतात.

बरं, आता मुद्द्याचं. आत काय ठेवायचं? इथे बरेच जण म्हणतात, "अरे, पाकीट हवंच कशाला? फोन आहे ना, यूपीआय करू." आम्ही इंजिनिअर लोक याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो. एक गोष्ट बंद पडली की सगळंच बंद. फोनमध्ये तुमचे पैसे, ओळखपत्र, नकाशा, टॉर्च, घरच्यांचे नंबर. त्यात काही जण कव्हरच्या मागे कार्ड आणि पाचशेची नोटही ठेवतात. म्हणजे बॅकअपसुद्धा त्याच हार्डडिस्कवर!

एक प्रसंग सांगतो. आम्ही पाच जण हरिश्चंद्रगडावरून तोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरत होतो. खिंडीच्या खाली एका मित्राचा पाय मुरगळला आणि तो फोन असलेल्या बाजूवरच पडला. स्क्रीन काळी. पाय सुजायला लागला. आधार देत देत गावात आणलं तोवर अंधार पडलेला. गावातल्या एका जीपवाल्या दादांना विचारलं तर ते म्हणाले, "पैशाचं नंतर बघू, आधी त्याला बसवा." ओतूरला दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला. तिथे रोखच लागत होती. पाच जणांत मिळून रोख फक्त दोघांकडे, आणि जीप आणि एक्स-रे धरून सगळं जेमतेम बसलं. हाड मोडलेलं नव्हतं, दोन आठवड्यांत तो चालायला लागला. पण डॉक्टरांनी त्याला विचारलं होतं, "कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?" तो शुद्धीत होता, म्हणून त्याने सांगितलं. शुद्धीत नसता तर आमच्यापैकी कोणालाही ते माहीत नव्हतं. चार वर्षं एकत्र ट्रेक करतोय, एकमेकांचे रक्तगट माहीत नाहीत.

त्यानंतर आमच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाच्या पाकिटात एक चिठ्ठी असते. व्हिजिटिंग कार्डाएवढा कागद. त्यावर नाव, रक्तगट, ॲलर्जी, रोजची औषधं आणि दोन फोन नंबर, एक घरचा आणि एक घराबाहेरचा. बॉलपेनने लिहायची, जेलपेनची शाई पाण्यात पसरते. दोन्ही बाजूंनी पारदर्शक चिकटपट्टी लावली की झालं लॅमिनेशन. वजन एक ग्रॅम. हा भाग ऐकून तुम्ही पाकीट बदललं नाहीत तरी चालेल, पण ही चिठ्ठी आज रात्री लिहा. मोबाइलमध्येही लॉक स्क्रीनवर इमर्जन्सी माहिती टाकता येते, ती टाका. पण कागदाला चार्जिंग लागत नाही.

आता पैसे. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि आपल्या पिढीची सुट्ट्या पैशांची सवयच गेली. शहरात ठीक आहे. पण पायथ्याच्या गावात रेंज येते-जाते, आणि गडावर एखाद्या कोपऱ्यात उभं राहिलं तरच एक काडी दिसते. यूपीआय लाइट असलं की नेटवर्क लागत नाही असा काहींचा समज आहे. त्यात छोट्या रकमेला पिन लागत नाही, एवढंच. नेट नसलं तर नेहमीचं क्यूआरचं पेमेंट अडकणारच.

आणि अडकल्यावर काय होतं ते बघा. गडावर मावशी बसलेल्या असतात. ताक, लिंबू सरबत, पिठलं-भाकरी. ते ताक, ती भांडी, कधीकधी पाणीसुद्धा खालून डोक्यावर आणलेलं असतं. आपण खातो, पितो, मग फोन काढतो, गोल गोल फिरत राहतं आणि मग आपण म्हणतो, "मावशी, नेटवर्क नाही, खाली गेल्यावर पाठवतो हां." मावशी नाही म्हणत नाहीत. काय म्हणणार? तुमचं ताक तर पिऊन झालंय. खाली गेल्यावर आपण दमलेलो असतो, गाडी पकडायची घाई असते. किती जण आठवणीने पाठवतात? आणि पाठवलेले आले की नाही हे बघायला मावशींना तरी रेंज कुठाय?

दुसरा प्रकार म्हणजे सकाळी सात वाजता पहिल्या टपरीवर पाचशेची नोट काढणारे. तीस रुपयांच्या चहाला चारशे सत्तर सुट्टे त्या बिचाऱ्याने कुठून आणायचे? एसटीच्या कंडक्टरलाही तेच. मग तो चिडतो आणि आपण म्हणतो, गावाकडची माणसं उद्धट असतात.

तिसरा प्रकार आपल्याच ग्रुपमधला. प्रत्येक ग्रुपमध्ये एक "बँक" असते. तीच बिचारी सगळीकडे रोख देते आणि पुढचे आठ दिवस ग्रुपवर हिशोब टाकत बसते. बाकीच्यांची पाकिटं एकदम हलकी! आपलं ओझं मावशींच्या, कंडक्टरच्या किंवा मित्राच्या खांद्यावर टाकून पाकीट हलकं होत असेल तर त्याला मी अल्ट्रालाइट म्हणणार नाही.

म्हणून एका दिवसाच्या ट्रेकसाठी माझं गणित असं: पाचशेची एक, दोनशेची एक, शंभरच्या चार, पन्नासच्या चार आणि विसाच्या पाच. झाले १४०० रुपये, पंधरा नोटा, वजन साधारण पंधरा ग्रॅम. छोट्या नोटा बाहेरच्या बाजूला, मोठ्या आत. सुट्टे आदल्या दिवशी किराणावाल्याकडून करून घ्यायचे, एटीएममधून थेट डोंगरावर जायचं नाही. याशिवाय पाचशेच्या दोन नोटा पाकिटात नाही, तर सॅकच्या आत फर्स्ट एडच्या डब्यात. त्या नाहीतच असं समजायचं. जीप, दवाखाना, यासाठीच.

कार्डं दोनच. एक डेबिट कार्ड आणि एक ओळखपत्र. बाइकने जात असाल तर लायसन्स, म्हणजे दोन्ही कामं होतात. डिजिलॉकरमधलं लायसन्स पोलिसांना चालतं, पण ते उघडायला पुन्हा फोन आणि बऱ्याचदा नेट लागतं. पॅन कार्ड, क्रेडिट कार्ड, मेट्रो कार्ड, ऑफिसचं ॲक्सेस कार्ड घरी ठेवा. ऑफिसचं कार्ड दरीत पडलं तर ॲडमिनला ईमेल लिहिताना जे होतं ते ट्रेकच्या थकव्यापेक्षा वाईट असतं. मुक्कामाच्या ठिकाणी कोणी आधारची प्रत मागितली तर मास्क्ड आधार द्या, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. ती प्रिंट घरूनच काढून न्यायची.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. म्हणजे तुमचं यूपीआय श्रीनगरला उतरल्या उतरल्या गप्प होऊ शकतं, तेव्हा रोख जास्त ठेवा आणि दोन-तीन ठिकाणी विभागून ठेवा. आणि नेपाळला विमानाने जाणार असाल तर १५ ते ६५ वयाच्या भारतीयांना आधार चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. विमानतळावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

राहिली तिसरी गोष्ट, हरवणं. पाकीट काळं, तपकिरी, हिरवं अजिबात घेऊ नका. कारवीच्या झुडपात पडलं तर दिसणार नाही. भगवं, पिवळं, गुलाबी, जेवढं भडक तेवढं चांगलं. सॅकच्या वरच्या झाकणाच्या आत चावी अडकवायला छोटा हुक असतो, बहुतेकांना तो माहीतच नसतो. पाकिटाला बारीक दोरी बांधून त्या हुकाला अडकवा. बाजूच्या जाळीच्या खिशात ठेवू नका, कारण सिंहगड-लोहगडची माकडं तिथेच आधी हात घालतात. त्यांना तुमच्या पैशात रस नाही, पण पिशवीचा आवाज आला की त्यांना खाऊ वाटतो. अंगावर ठेवायचं असेल तर पँटच्या पुढच्या चेनवाल्या खिशात. आणि निघायच्या आधी बँकेचा कार्ड ब्लॉक करायचा नंबर मित्राच्या फोनमध्येही सेव्ह करा.

आता पुन्हा काटा. नायलॉनऐवजी मी सध्या दुहेरी झिपलॉक वापरतो, ती चार ग्रॅम. दोन कार्डं दहा. नोटा पंधरा. चिठ्ठी एक. एकूण तीस ग्रॅम. १७२ वरून तीस. आणि हे तीस ग्रॅम जास्त कामाचे आहेत, कारण यात मावशींचे सुट्टे आहेत, कंडक्टरचे सुट्टे आहेत आणि तुम्ही बोलू शकत नसाल तेव्हा तुमच्या वतीने बोलणारा कागद आहे.

तर मंडळी, या आठवड्याचं काम: तुमचं पाकीट काट्यावर ठेवा, आधीचं आणि नंतरचं वजन मला पाठवा. सगळ्यात जड पाकीटवाल्याचं नाव पुढच्या भागात घेणार, प्रेमाने! आणि मागच्या ट्रेकला कोणाचे ताकाचे पैसे "नंतर पाठवतो" म्हणून राहिले असतील तर पुढच्या वेळी त्याच वाटेने जा आणि देऊन या. भेटू पुढच्या रविवारी. तोवर चालत राहा!